वीणा खाली ठेवायची नाही : १९१७ सालचे दोन प्रयोग आणि आपले नेतृत्व

धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाची किंवा शताब्दीची स्मरणिका हा आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्यातील एक स्वतंत्र प्रकारच म्हणावा लागेल. तिचे रूप ठरलेले असते. आरंभी बिशपांचा आशीर्वाद, मग मान्यवरांचे शुभसंदेश, त्यामागून पायाभरणीपासूनचा इतिहास, प्रमुख धर्मगुरूंची छायाचित्रांसह कालानुक्रमे यादी, शाळा, सभागृह आणि घंटाघर यांच्या बांधकामांचे वर्णन, आणि शेवटी देणगीदारांची नामावली. अशा स्मरणिका साहित्य म्हणून कोणी वाचत नाही. मग त्यांची समीक्षा कोण करणार? तरीही आम्हांस वाटते की, एखादा समाज आपले नेते कसे ओळखतो हे जाणायचे असेल, तर त्याचे काव्य वाचण्याआधी त्याच्या स्मरणिका वाचाव्यात. कवी विचार करून लिहितो. स्मरणिका मनात मुरलेले लिहून जाते.

या स्मरणिकांत काय आढळते यापेक्षा काय आढळत नाही, हे अधिक बोलके आहे. कोणत्या धर्मगुरूंनी कोणत्या साली कौले बदलली हे त्यात असते. परंतु वीस-पंचवीस वर्षे दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या बाईंचे नाव सहसा नसते. धर्मगुरूंची बदली झाली आणि नवे येईपर्यंत मध्ये काही महिने गेले, त्या काळात आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना कोणी म्हटली, मयताच्या घरी प्रथम कोण गेले, भांडण कोणी मिटवले, याचा उल्लेख क्वचित असतो. आणि एका कारकिर्दीतील चांगले काम पुढच्या कारकिर्दीत का बंद पडले, हा प्रश्न तर शुभप्रसंगी विचारायचाच नसतो. एकूण चित्र असे उभे राहते की, धर्मग्राम म्हणजे एकामागून एक आलेल्या कर्त्या पुरुषांची मालिका, आणि बाकीचे सारे प्रेक्षक.

आपल्या सभा-संमेलनांतून ‘नेतृत्वविकास’ हा शब्द फार ऐकू येतो. दोन दिवसांची शिबिरे होतात, फळ्यावर आकृत्या काढल्या जातात, गटचर्चा होते, प्रमाणपत्रे वाटली जातात. हेतूविषयी शंका नाही. परंतु नेतृत्व म्हणजे काय, याची जी कल्पना स्मरणिकेत असते तीच शिबिरातही असते : पुढे उभा राहणारा, चांगले बोलणारा, इतरांकडून काम करवून घेणारा एक माणूस. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. नेतृत्वाचा कस नेत्याच्या हयातीत लागत नाही. त्याने कोणाच्या हाती काय दिले, आणि त्याच्या पश्चात ते चालले की नाही, यावर तो लागतो. या म्हणण्याची तपासणी आम्ही एकाच सालच्या दोन प्रयोगांवर करून पाहणार आहोत. त्यांतील एकाचा धागा बीड जिल्ह्यातील नेकनूरला जाऊन मिळतो.

मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेकनूर लागते. जनावरांच्या बाजारासाठी हे गाव पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. पुढे त्याच वाटेने मुकुंदराज आणि दासोपंत यांचे अंबाजोगाई गाठता येते. वारकऱ्यांच्या दृष्टीने मात्र नेकनूरचे महत्त्व आहे ते बंकटस्वामींमुळे. त्यांच्या नावाचे संस्थान तेथे आहे. हे बंकटस्वामी विष्णुबुवा जोग यांचे शिष्य. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. कीर्तन-प्रवचन करणारा माणूस केवळ गोड गळ्याचा असून भागत नाही, त्याचा ज्ञानेश्वरीचा आणि गाथेचा पक्का अभ्यास हवा, थोडे संस्कृत हवे, आणि आचरण शुद्ध हवे, असा त्यांचा आग्रह होता. विद्यार्थ्यांनी आळंदीत राहावे, माधुकरी मागून जेवावे, चार वर्षे शिकावे आणि मग आपापल्या गावी जाऊन सांगावे, अशी ती पद्धत होती. कीर्तनाचा पैसा घेऊ नये, हा दंडकही त्या परंपरेतलाच.

त्याच १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अमेरिकन मराठी मिशनशी असलेला नोकरीचा संबंध तोडला आणि साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ या नावाने नव्या बंधुसमाजाची कल्पना मांडली. टिळक आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो प्रॉटेस्टंट मंडळीत. परंतु मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनाला मराठी वाणी देणारा त्यांच्यासारखा दुसरा नाही, आणि त्यांचे दुःख आपल्यालाही परके नव्हते. मंडळीची सत्ता परदेशी मिशनऱ्यांच्या हाती, पोशाख-संगीत-रीत परदेशी, आणि हिंदी ख्रिस्ती माणूस स्वतःच्याच घरात आश्रित, ही गोष्ट त्यांना सलत होती. दरबार त्यांना असा हवा होता की, जेथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही ख्रिस्ताच्या भक्तीने एकत्र येतील, आणि ज्याची मुळे याच मातीत असतील.

या दोन प्रयोगांची तुलना करण्यास एक योगायोग साहाय्य करतो. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. नव्या प्रयोगानंतर त्यांना दोन वर्षेही मिळाली नाहीत. जोग महाराज १९२० च्या फेब्रुवारीत गेले. संस्था काढल्यानंतर त्यांनाही पुरती तीन वर्षे मिळाली नाहीत. म्हणजे काळाने दोघांनाही जवळजवळ सारखेच वागवले. परंतु टिळकांच्या पश्चात दरबार टिकला नाही, आणि वारकरी शिक्षण संस्थेने २०१७ साली शंभर वर्षे पुरी केली. हे कशामुळे झाले?

टिळक उतावळे होते, भावनाशील होते, व्यवहारी नव्हते, असे उत्तर देणे सोपे आहे. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचून असे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ते अपुरे वाटते. जोग महाराजही कडक, एककल्ली आणि तत्त्वाला चिकटणारे म्हणूनच ओळखले जात. स्वभावाने प्रश्न सुटत नाही. खरा भेद असा की, जोग महाराजांनी संस्था काढली तेव्हा शिष्य आधीच तयार होते. कित्येक वर्षे ते शिकवत आले होते. संस्था हा त्या शिकवण्याचा केवळ निवारा होता. बंकटस्वामी, लक्ष्मणबुवा इगतपुरीकर, सोनोपंत दांडेकर अशा शिष्यांनी पुढे भार उचलला. त्यांत एक मठ-परंपरेतला, तर एक पुण्यातील तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. बंकटस्वामींचे नेकनूर तेव्हा निजामाच्या राज्यात, तर आळंदी ब्रिटिश अमलाखाली. वृत्तीने आणि विद्येने वेगळी असलेली ही माणसे एका कामात बांधली गेली, कारण काम गुरूच्या नावावर नव्हते, अभ्यासक्रमावर होते. गुरू गेले तरी उद्याचा पाठ कोठून सुरू करायचा, हे सर्वांना ठाऊक होते.

टिळकांच्या दरबाराला असा उद्याचा पाठ नव्हता. दरबार म्हणजे टिळक. त्यांची वाणी, त्यांचा स्नेह, त्यांची कविता. त्यांच्याभोवती माणसे जमली, परंतु त्यांच्यानंतर कोणी काय करावयाचे, याची वाटणी झाली नव्हती. शिवाय वारकऱ्यांना वारीचा तयार काठ होता. टिळकांना जुनी चौकट सोडून नवी चौकट शून्यातून उभारायची होती. ही अडचण न ओळखता त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

येथेच एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, आणि तीच आमच्या मते या तुलनेचे मर्म आहे. टिळकांचे सारेच बुडाले असे नाही. दरबार गेला, पण त्यांची भक्तिगीते राहिली. मराठी ख्रिस्ती उपासनेत, पंथभेद ओलांडून, ती आजही गायिली जातात. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. म्हणजे जे टिळकांनी लोकांच्या तोंडी दिले होते ते जगले. जे त्यांनी स्वतःच्या खांद्यावर ठेवले होते ते त्यांच्याबरोबर गेले. आपल्या परंपरेत याचे आणखी जुने उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, मग १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. भाविक घराण्यांनी त्याच्या नकला करून ठेवल्या, तो वाचला, गायिला. त्याच नकलांच्या आधारे १९०७ साली मंगळूरहून तो पुन्हा छापला गेला. छापखान्याने जे राखले नाही ते प्रापंचिकांच्या हाताने राखले.

आता आपल्याच घराकडे वळू. अहमदनगर भागातील कॅथलिक मिशन जर्मन येशूसंघीयांनी उभारले. दुष्काळात, प्लेगात, जातीच्या जाचात ते लोकांपाशी राहिले, हे कोणीही नाकारणार नाही. त्यांच्यातील फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक सुरू केले आणि मराठी कॅथलिकांच्या हाती एक लेखणी दिली. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. मग १९१४ चे महायुद्ध आले. जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. कोणी स्थानबद्ध झाले, बहुतेकांना मायदेशी पाठवण्यात आले. खुद्द डोरिंग आपल्या धर्मप्रांतापासून अनेक वर्षे दूर राहिले. मध्यंतरी १९२१ मध्ये जपानातील हिरोशिमाची जबाबदारी त्यांच्यावर आली, आणि १९२७ मध्ये ते पुण्यास परतले.

या काळाचा इतिहास आपण साधारणतः धर्मगुरूंच्या हालअपेष्टांचा म्हणून सांगतो. तो तसा आहेच. परंतु त्याचा दुसरा अर्थ आपण काढत नाही. एका सरकारी हुकुमाने मिशनचे जवळजवळ सारे चालक नाहीसे झाले, आणि त्यांच्या जागी बसतील असे या मातीतील धर्मगुरू तयार नव्हते. गावोगावी जो उरला तो मास्तर. दिवसा शाळा, संध्याकाळी प्रार्थना, रात्री कोणाचा तंटा, पहाटे कोणाचे मरण. त्याला पगार तुटपुंजा, अधिकार काहीच नाही, आणि शिक्षण जेमतेम. तरी वस्तीवरचा ख्रिस्ती माणूस ‘आपला माणूस’ म्हणून ज्याच्याकडे पाही तो हा मास्तर आणि त्याच्यासोबत राबणारी मास्तरीणबाई. त्यांची चरित्रे आपण लिहिली नाहीत. स्मरणिकेच्या यादीत ती बसत नव्हती.

रोममध्येही हा प्रश्न त्याच सुमारास पोहोचला होता. टिळक वारले त्या वर्षाच्या नोव्हेंबरात, १९१९ मध्ये, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांचे ‘माक्सिमुम इल्लुद’ हे पत्र निघाले. मिशनऱ्यांनी स्थानिक धर्मगुरू तयार करावेत, आणि तेही परदेशी गुरूंचे मदतनीस म्हणून नव्हे, तर पुढे आपल्या लोकांची धुरा स्वतः वाहतील असे, ही त्या पत्राची मागणी होती. साताऱ्यास बसून टिळक जे मागत होते त्याच्याशी हे किती जुळते! पुण्यास पहिले भारतीय बिशप मिळाले ते १९४९ साली, म्हणजे त्या पत्रानंतर तीस वर्षांनी. बीड जिल्हा ज्या धर्मप्रांतात येतो तो औरंगाबाद धर्मप्रांत डिसेंबर १९७७ मध्ये स्थापन झाला. बिशप आपले झाले, धर्मगुरू आपले झाले. ती एक पायरी आपण चढलो. पुढची पायरी प्रापंचिकांची. ती चढलो काय?

कायद्याच्या ग्रंथात याचे एक उत्तर आहे, आणि ते वाचून आम्हांस दर वेळी थोडे खिन्न व्हायला होते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ५३६ वे कलम धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळाविषयी आहे. बिशपांना योग्य वाटल्यास ते स्थापावे, आणि त्याचे मत केवळ सल्ल्यापुरते असावे, असे ते कलम सांगते. लगेच पुढचे ५३७ वे कलम आर्थिक मंडळाचे. ते मात्र प्रत्येक धर्मग्रामात असलेच पाहिजे. पैशाच्या हिशेबाला चार माणसे हवीतच. माणसांच्या हिशेबाला असली तर असोत! यामागे कायदेकर्त्यांचा काही वाईट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. सल्ला देण्याला कमी लेखण्याचेही कारण नाही. ऐकणारा असेल तर सल्ल्यासारखे दुसरे बळ नाही. परंतु जे मंडळ स्थापणे इच्छेवर आहे ते नव्या धर्मगुरूंच्या इच्छेने मावळूही शकते, आणि असे मावळलेले मंडळ पाहिले नाही असा वाचक विरळा.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ आणि १९६५ साली प्रापंचिकांच्या सहभागाचे जे दार उघडले, त्यातून आत यायला आपण साठ वर्षे घेतली. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली दोन पावले टाकली. जानेवारीत वाचक आणि वेदीसेवक या सेवापदांवर स्त्रियांचीही रीतसर नेमणूक होऊ शकेल असे ठरवले. मे महिन्यात धर्मशिक्षकाची सेवा हे चर्चचे अधिकृत सेवापद म्हणून स्थापले. म्हणजे आपला मास्तर आणि आपल्या धर्मशिक्षणाच्या बाई यांना निदान कागदावर तरी नाव मिळाले. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलेल्या सिनॉडच्या अंतिम दस्तऐवजात धर्मग्रामाची आणि धर्मप्रांताची पाळकीय मंडळे अनिवार्य करावीत, अशी स्पष्ट मागणी आली, आणि पोप फ्रान्सिस यांनी तो दस्तऐवज जसाच्या तसा प्रसिद्ध करण्यास मान्यता दिली. पुढच्या वर्षी, २१ एप्रिल २०२५ रोजी, ते गेले. हेही एक प्रकारे हातातून हातात देणेच झाले.

परंतु कागदाने माणूस तयार होत नाही. बीड जिल्ह्यात ही गोष्ट जितकी कठोरपणे उघडी पडते तितकी क्वचितच कोठे पडत असेल. दसरा-दिवाळी आटोपली की या जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या हद्दीत पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने संसार. टनावर मजुरी. परत येणे उन्हाळ्यात. अशा टोळीत एखादे ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्याचे वर्ष कसे असते, पाहा. नाताळ फडात. राखेचा बुधवार फडात. पुष्कळदा पवित्र आठवडाही फडातच. ज्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत त्यांचे नाव आहे तेथे ते असतात तो काळ पेरणीपाण्याचा, म्हणजे सामान्यकाळातले रविवार. आपल्या उपासनेचे मोठे सण त्यांच्या वाट्याला येतात ते कोपीत, आणि तेथे कोणी धर्मगुरू पोहोचतीलच असे नाही.

अशा कोपीत नेतृत्व कोण करणार? तेथे एक नेता आधीच असतो. तो मुकादम. त्याचा अधिकार उचलीवर उभा असतो. ज्याने आगाऊ पैसे दिले त्याचे ऐकावे लागते. ऋणावर उभे असलेले हे नेतृत्व बीडच्या माणसाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. चर्चने तेथे दुसरा मुकादम पाठवून उपयोग नाही. तेथे हवी आहे ती त्याच टोळीतील एखादी बाई किंवा एखादा बापया, जिला शुभवर्तमानाचा उतारा वाचून दोन शब्द सांगता येतील, मूल आजारी पडले तर प्रार्थना म्हणता येईल, आणीबाणीत बाप्तिस्मा कसा द्यावा हे माहीत असेल, आणि टोळीतील इतर धर्मीयांशीही सलोख्याने वागता येईल. तिला तयार करायचे तर दोन दिवसांचे शिबिर पुरणार नाही. पावसाळ्याचे चार महिने ती गावी असते. चार पावसाळे तिला मिळाले, तर जोग महाराजांची चार वर्षे निराळ्या रीतीने पुरी होतील.

या ठिकाणी काही आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की, प्रापंचिकांच्या हाती अधिकार दिला की गावातले राजकारण देवळात शिरते. गट पडतात, भावकी उभी राहते. हे घडते, हे आम्ही मान्य करतो. परंतु राजकारण बाहेर ठेवण्याचा उपाय म्हणून आपण माणसांनाच बाहेर ठेवले, तर राजकारण थांबत नाही. ते फक्त धर्मगुरूंच्या निवासस्थानाच्या व्हरांड्यात येऊन बसते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतील तंटा वाढला तो जेवणाच्या वाटपावरून. प्रेषितांनी ते वाटप स्वतःकडे ओढून घेतले नाही. लोकांनाच सात माणसे निवडायला सांगितले, आणि मग त्यांच्यावर हात ठेवले. तंटा हे अधिकार आवळण्याचे नव्हे, वाटण्याचे निमित्त ठरले. मोशेलाही त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, हेच सुचवले होते : सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करत बसलास तर तूही झिजशील आणि लोकही झिजतील.

दुसरा आक्षेप आमच्या उदाहरणावरचा. वारकरी परंपरेत सारे आलबेल आहे काय? नाही. आळंदीच्या त्या व्यवस्थेचा आरंभ पुरुष विद्यार्थ्यांसाठी झाला. जनाबाई-बहिणाबाईंच्या पंथात हे विसंगत दिसते. पैसा न घेण्याचा दंडक आजचे सारेच कीर्तनकार पाळतात असेही कोणी म्हणणार नाही. मोठ्या मंडपात कीर्तनकाराचे कौतुक नामस्मरणाहून मोठे होताना दिसते. म्हणजे शाळा काढली म्हणून नेता-पूजा नष्ट होत नाही. याविरुद्ध सतत जागे राहावे लागते. आणि जागे राहण्याचे एक साधन साहित्य हे आहे, म्हणूनच आम्ही ‘स्मृतिचित्रे’कडे पुन्हा वळतो.

१९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आपण सारे आवडीने वाचतो, परंतु नेतृत्वाविषयीचे पुस्तक म्हणून तो वाचत नाही. लक्ष्मीबाईंनी टिळकांना देव्हाऱ्यात बसवले नाही. त्यांचा विसरभोळेपणा, त्यांचा राग, घरात पैसा नसताना बाहेर केलेले दातृत्व, कोणालाही न सांगता घेतलेले मोठे निर्णय, हे सर्व त्यांनी हसत सांगितले आहे. आणि तरी पुस्तक मिटताना वाचकाच्या मनात टिळकांविषयी आदरच वाढलेला असतो. आपल्या मोठ्या माणसाकडे प्रेमाने आणि उघड्या डोळ्यांनी एकाच वेळी पाहता येते, हे त्या ग्रंथाने मराठी ख्रिस्ती समाजाला शिकवले. ते आपण किती शिकलो? आपली चरित्रे एक तर आरत्या असतात, नाही तर, खाजगीत, कुचाळक्या. मधली जागा, जेथे टीका आणि माया एकत्र नांदतात, ती रिकामी आहे. ज्या समाजाला आपल्या नेत्याकडे पाहून मोकळेपणी हसता येत नाही, त्या समाजात नवा नेता तयार होणे कठीण; कारण शिकणाऱ्याला चुकण्याची मुभाच राहत नाही.

मराठवाड्यात गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात. त्यात वीणेचा पहारा असतो. सात दिवस, रात्र आणि दिवस, वीणा खाली ठेवायची नाही. गावकऱ्यांची यादी लागते. ज्याची वेळ असेल तो येतो, आधीच्याच्या गळ्यातून वीणा आपल्या गळ्यात घेतो, आपला पहारा पुरा करतो आणि पुढच्याच्या हाती देतो. पहारेकरी शेतकरी असतो, शिंपी असतो, शाळामास्तर असतो. मध्यरात्रीचा पहारा कोणी पाहत नाही, त्याचे छायाचित्र निघत नाही. पण तो चुकला तर सप्ताह खंडित होतो. संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात जे सांगितले आहे ते याहून फार निराळे नाही : माझ्यापासून जे ऐकलेस ते विश्वासू माणसांच्या स्वाधीन कर, म्हणजे तीही इतरांना शिकवतील. त्या एका वाक्यात चार पिढ्या मावल्या आहेत.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. पुढच्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने प्रमुख धर्मगुरूंच्या यादीशेजारी दुसरी एक यादी द्यावी : धर्मशिक्षकांची, मास्तरांची, गायनवृंद सांभाळणाऱ्यांची, मयताच्या घरी प्रथम पोहोचणाऱ्यांची, त्यांच्या वर्षांसह. आणि प्रत्येक नावापुढे एक रकाना मोकळा ठेवावा : यांच्यानंतर हे काम कोणाकडे गेले? तो रकाना जेथे भरता येईल तेथे आनंद मानावा. जेथे तो रिकामा राहील, तेथे नेतृत्वविकासाचे काम नेमके कोठून सुरू करायचे हे त्या धर्मग्रामाला कळलेले असेल.